आरशासारखा कोबा

स्केटपार्कच्या फाटकातून आत शिरताना आप्पा चपला काढायचे. देवळात ते क्वचितच जात. म्हणत, आता तिथं सगळीकडे संगमरवर बसवलाय, संगमरवराला कारागीर लागत नाही, श्रीमंत लागतो. स्केटपार्कची गोष्ट वेगळी होती. चपला फाटकाशी जोडीनं ठेवून ते अनवाणी आत जात, आधी एक फेरी नुसती चालून मारत. मग मधोमध उकिडवे बसून सदऱ्याच्या खिशातून चुन्याची डबी काढत. त्या डबीत चुना नसे, एक निळी काचेची गोटी असे.

ती गोटी ते जमिनीवर ठेवून बोट अलगद उचलून घेत. गोटी जागची हलली नाही तर त्यांना चालत नसे, कारण मग तिथं पाणी साचणार. धावत सुटली तरी चालत नसे. गोटीनं म्हातारीसारखं, थांबत, विचार करत पाण्याच्या जाळीकडे जायला हवं. ते तिच्या मागून रांगत जात. त्यानंतर बोटांच्या पेरांनी जमीन ठोकत आणि कान लावून ऐकत. हे सगळं झालं की उठून, गुडघे झटकून निकाल देत. निकाल दोनच होते. ‘हाई शे’, म्हणजे हे आहे, हेच बरोबर. नाहीतर ‘हाई नही’.

आम्ही त्यांना तोंडावर आप्पा म्हणायचो आणि पाठीमागे गोटीआप्पा. पन्नाशी ओलांडलेले, काडीसारखे वाळलेले, खानदेशातून सुरतेला आलेले. आयुष्यात एकदाही ते स्केटबोर्डवर उभे राहिले नव्हते. त्यांचं काम कोबा घोटायचं. इच्छापोरच्या कारखान्यांत यंत्रं बसतात त्या सिमेंटच्या जमिनी ओल्या असताना थापीनं घोटून घोटून गुळगुळीत करायच्या. या शहरातली किती यंत्रं त्यांच्या हातावर उभी आहेत ते कुणी मोजलेलं नाही. मोजणार कोण? यंत्राच्या मालकाचं नाव फाटकावर असतं. जमिनीखाली कुणाचंच नाव नसतं.

त्यांची माझी पहिली भेट उड्डाणपुलाखालच्या स्केटपार्कमध्ये झाली. मी बोर्डवर वेगात होते आणि वाटेत एक माणूस जमिनीला कान लावून आडवा पडला होता. मला वाटलं, प्यायलेला आहे.

“ओ काका, मरायचंय का?”

त्यांनी कान न उचलता हात वर केला, गप्प राहा असा. मग सावकाश उठले. “माय, तुझ्या पाटाखाली पोकळ आहे.”

“कसला पाट?”

“हाच की, ज्याच्यावर तू उभी आहेस. जेवायला बसायचा पाट घेतला, त्याला चाकं लावली. लोक उभ्यानं जेवायला लागले तेव्हाच मी ओळखलं होतं, आता पाटाचं काहीतरी करणार हे.”

मी चिडून म्हटलं की याला स्केटबोर्ड म्हणतात. ते म्हणाले, “म्हणू दे. इथून इथपर्यंत पोकळ आहे. इथं पाट नेऊ नको.” आणि विटेच्या तुकड्यानं त्यांनी जमिनीवर एक वाकडा गोल काढला. पंधरा दिवसांनी तिथला तुकडा बरोब्बर त्या गोलातून निघाला. तेव्हापासून आम्ही मुली त्यांचं ऐकायला लागलो.

आम्ही पाच-सहा जणी होतो, नवागामच्या आणि गोडादऱ्याच्या. कुणाचे वडील लूमवर, कुणाची आई घरी साड्यांना टिकल्या चिकटवते. बोर्ड दोनच, तेही जुने. त्यात दिव्या सगळ्यांत चांगली खेळायची. गोडादऱ्याची, घरी अहिराणी, बाहेर गुजराती, आणि शिव्या हिंदीत. ती पोलीस भरतीसाठी रोज सकाळी धावायची आणि संध्याकाळी बोर्डवर असायची. आप्पांशी ती त्यांच्याच बोलीत भांडू शकायची. मला ते जमायचं नाही. माझे वडील बुलढाण्याकडचे. त्यामुळे माझ्याशी आप्पा शाळेतल्या मराठीत बोलायचा प्रयत्न करायचे, निकाल मात्र अहिराणीतच.

त्यांना जमिनीचं वेड होतं, स्केटिंगचं नव्हे. कारखान्याची जमीन एकदा यंत्रं बसली की दिसत नाही, घराची जमीन सामानाखाली जाते. “ही एकच जमीन अशी,” ते म्हणायचे, “जी उघडी राहते आणि जिच्यावर लोक खरोखर भरवसा टाकतात.” म्हणून सुटीच्या दिवशी ते शहरातली स्केटपार्कं बघत हिंडायचे, आणि आम्ही त्यांच्यामागे. बाऊलला, म्हणजे मधल्या गोलाकार खोलगट भागाला, ते कढई म्हणायचे. कढईचा उतार हातानं चाचपून सांगायचे, इथं हात दमला होता कारागिराचा, इथं मुकादम ओरडला असणार. एका बागेत पत्र्याचे रॅम्प होते. त्यांनी एक स्क्रू नखानं उचलून दाखवला आणि पुढे काही न बघता चपला घातल्या. “हाई नही.” कडेचा लोखंडी पाइप कुठं सुटलाय, घसरत आलेल्या मुलीला थांबायला पुढे मोकळी जागा किती, दुपारी सावली कुठून येते, हे ते बघायचेच. पण आणखी एक प्रश्न ते न चुकता विचारायचे. “पोरींना जायला मोरी कुठंय?” नसली तर म्हणायचे, ज्यानं नकाशा काढला त्याच्या घरात बाई नाही.

मी तेवढा वेळ फाटकावरची पाटी वाचत असे. आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. वडील लूमवर काम करत आणि उरलेल्या वेळात कामगारांची पत्रकं लिहीत. मी अक्षरं शिकले ती ‘जाहीर निषेध’ या शब्दांवरून. कुठल्याही सार्वजनिक जागेत मला आधी दिसतं ते, इथं कोणाला अडवलं जातं. आप्पा जमीन वाचायचे आणि मी पाटी. दोघांचं एकमत क्वचित व्हायचं.

नदीपलीकडच्या स्केटपार्कमध्ये तर मुळीच झालं नाही. दोन बस बदलून, पुढे भर उन्हात चालत आम्ही तिथं पोचलो. पाटीवर ‘सर्वांसाठी खुले’ असं तीन भाषांत लिहिलं होतं. फाटकावरच्या गार्डनं आमच्याकडे पाहिलं, आमच्या दोन बोर्डांकडे पाहिलं.

“कहां से आए हो?”

“नवागाम,” मी म्हटलं.

“उधर गार्डन नहीं है क्या?”

“उधर गार्ड भी नहीं है,” दिव्या म्हणाली. “आप आ जाओ, दोनों काम हो जाएंगे.”

तोवर आप्पांनी चपला काढल्या होत्या. गार्ड त्यांच्यावर घसरला. “चाचा, बिना चप्पल अंदर मना है.”

“फरश देखना है.”

“तो चप्पल पहन के देखो.”

“पाँव से देखते हैं,” आप्पा अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले. “आँख को फरश में कुछ समझता नहीं.”

शेवटी ते चपला घालून आत गेले आणि बाऊलच्या आडोशाला जाऊन पुन्हा काढल्या. गोटी ठेवली. ती थांबत थांबत जाळीपर्यंत गेली. त्यांनी सगळी कढई ठोकली, कुठंही पोकळ आवाज नाही. मोरी होती, नळ होता, नळाला पाणी होतं. ते कितीतरी वेळ हाताचा पंजा उतारावर ठेवून बसले. मग म्हणाले, “हाई शे.”

मी भडकले. “गार्डनं तुम्हाला चपला घालायला लावल्या, आम्हाला गाव विचारलं, आणि तरी हेच बरोबर?”

“मी जमिनीचं सांगतोय.”

“जमीन एकटी नसते, आप्पा. तिला फाटक असतं.”

“फाटक तू बघ,” ते म्हणाले. “मला फाटकातलं कळत नाही.”

परतीच्या बसमध्ये दिव्या म्हणाली, जमीन खरंच लोण्यासारखी आहे, पण इथं रोज यायचं तर धावायला जायचं कधी आणि टिकल्या चिकटवायच्या कधी? महिन्यातून एकदा गेलो तरी खूप. चांगलं स्केटपार्क कसं निवडावं यावर इंटरनेटवर ढीगभर सल्ले आहेत. उतार बघा, गर्दी बघा, आपल्या कुवतीचं बघा. निवडायला आधी दोन जागा लागतात, हे त्यातल्या कुणीच लिहिलेलं नाही.

पुलाखालची जमीन तोवर पार उखडली होती. आणि मग आमच्याकडे स्केटपार्क झालं. खरोखरचं, सिमेंटचं, बाऊलसकट, नवागामपासून चालत जाता येईल असं. उद्घाटनाला मंडप होता, पालिकेचे साहेब होते, फुगे होते. त्या दिवशी पाटी वाचताना माझे डोळे भरून आले, हे आज लिहायला लाज वाटते. आम्ही आत शिरलो तर जमीन म्हणजे आरसा. दिव्या खाली वाकली आणि जमिनीत बघून तिनं वेणी सारखी केली.

मी धावत आप्पांना बोलवायला गेले. ते आले, पण फाटकाबाहेरच उभे राहिले. चपला काढल्या नाहीत.

“हाई नही,” ते म्हणाले.

“आत तर या.”

“नको.”

“गोटी तरी टाका एकदा.”

“गोटी नाही आणली आज.” खिशातली डबी सदऱ्यावरून स्पष्ट दिसत होती.

“आप्पा, गोटी सरकली का तुमची?” दिव्या आतून ओरडली. सगळ्या हसल्या. ते हसले नाहीत.

मी मात्र पेटले. मी म्हटलं, नदीपलीकडचं न तपासता... मग सुधारलं, तपासून चांगलं, आणि आमचं न तपासताच वाईट! इतकी वर्षं या वस्तीत राहून तुम्हीही त्यांच्यासारखेच बघायला लागलात. आमच्या वाट्याला काही नीट येऊच शकत नाही, असंच ना?

“तू रागव,” ते म्हणाले. “पण तिथं पाट नेऊ नको. पोरींना सांग.”

“कारण सांगा.”

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. सिमेंटनं बोटांची टोकं कायमची पांढरी पडली होती, ठसे पुसले गेले होते. रेशनच्या मशीनवर त्यांचं बोट कधीच ओळखलं जायचं नाही. ते हात त्यांनी पाठीमागे घेतले आणि निघून गेले.

त्यानंतर ते आमच्याकडे फिरकले नाहीत. आम्हालाही त्यांची फारशी आठवण आली नाही. रोज संध्याकाळी आमची स्वतःची जमीन होती.

काही महिन्यांनी बाऊलच्या तळाशी पापुद्रा सुटला. भाकरीचा सुटतो तसा, वरची चकचकीत पातळ पोळी अलग आणि खाली भुसभुशीत. दिव्या वरून उतरत होती. चाक त्या पापुद्र्याखाली घुसलं आणि जागच्या जागी अडकलं. बोर्ड थांबला, ती थांबली नाही. गुडघ्याची वाटी फुटली. डॉक्टरांनी तार घातली आणि सांगितलं, चालेल नीट, धावायचं मात्र विसरा. भरतीची धाव तीन महिन्यांवर होती.

आप्पा तिला बघायला गोडादऱ्याला आले तेव्हा मी तिथंच होते. कुणाच्याही घरी गेले की आधी जमीन ठोकून मगच बसायचे, ही त्यांची खोड. एका लग्नात नवरदेवाच्या खुर्चीखाली ठोकून त्यांनी वरातीला थांबवून धरलं होतं. त्या दिवशी ते न ठोकता बसले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

“तो कोबा मी घोटलाय,” ते म्हणाले.

दिव्यानं उशीवरून मान वळवली. मला आधी समजलंच नाही.

“पहिल्या दिवशी कालवलेल्या मालात हात घातला आणि कळलं. सिमेंट नावाला, रेतीच्या जागी खाणीची भुकटी. मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, तुला घोटायला आणलंय, चाखायला नाही.”

“मग सोडून यायचं होतं,” मी म्हटलं.

“माल ओतून झाला होता, माय. समोर पडलाय, धरत चाललाय, आणि त्याला तसाच खरबरीत टाकून जायचं? मला नाही जमलं. हात आपोआप फिरला. वरून कोऱ्या सिमेंटचा हात दिला आणि आरसा केला. साहेब तपासायला आले. खाली वाकले. स्वतःचं तोंड दिसलं. केस सारखे केले आणि पास म्हणाले.”

मग दिव्या म्हणाली, “म्हणजे आप्पा, मी तुमच्या आरशात पडले.”

त्यांनी दोन्ही हात जोडले. तिच्यापुढे, बापाच्या वयाच्या माणसानं. ती तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिली.

मी विचारलं, तेव्हाच कारण का नाही सांगितलं? ते म्हणाले, “काय सांगणार होतो? माल खराब आहे म्हटलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं, तुला कसं ठाऊक? ‘हाई नही’ एवढंच म्हणण्याची माझी हिंमत होती.”

त्यांच्या त्या हिमतीवर मी तेव्हा थुंकले असते. आज तसं वाटत नाही. बोलणाऱ्या कारागिराला दुसऱ्या दिवशी कोण कामावर घेतं, हे मी लहानपणापासून पत्रकांतून वाचत आले होते. वाचलेलं ओळखीचं वाटतं. तोच माणूस समोर बसला की त्याला भित्रा म्हणायला आपण मोकळे.

त्यांनी स्वतःच विचारलं, “तुझे वडील पत्रक काढायचे. तू काढशील? मी सही करतो.”

कारागीर स्वतः सही करतो म्हणजे ठेकेदार संपलाच. साहेबांची कचेरी हलणार, चौकशी होणार, दिव्याच्या गुडघ्याचा जाब कुणीतरी देणार.

“एकच आहे,” आप्पा म्हणाले. “माल लिही. काम लिहू नको. माल त्यांचा होता, काम माझं. काम वाईट नव्हतं.”

“तेच लिहीन.”

“नीट लिही. माल निकृष्ट. काम नाही.”

“हो आप्पा, कळलं.”

पत्रक गुजरातीत काढायचं ठरलं, कारण साहेब मराठी वाचत नाहीत. मी एका बैठकीत लिहून काढलं. पत्रक कसं लिहायचं ते मला शिकावं लागत नाही, हात आपोआप फिरतो. वडिलांनी मला शब्द मोठा लावायला शिकवलं होतं, जपून लावायला नाही. गुजराती वर्तमानपत्रांत पूल खचला, रस्ता उखडला की एक ठरलेला शब्दसमूह येतो, ‘हलकी गुणवत्तानुं काम’. तो माझ्या हाताला इतका सरावाचा होता की तोच आला. मथळ्यात आला, मजकुरात आला, मागणीत आला.

छापायच्या आधी आप्पा सहीला आले. त्यांना गुजराती बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. कागदावरून त्यांनी पंजा फिरवला, जमिनीवरून फिरवतात तसा.

“यात माल लिहिलंय ना?”

“हो आप्पा, तेच लिहिलंय.”

मी बघितलंसुद्धा नाही. मला छापखाना गाठायचा होता. त्यांनी मराठीत, एकेक अक्षर थांबत थांबत सही केली. खाली मी पदवी लावली, ‘सदर कामाचे घोटाई कारागीर’. त्या पदवीचा मला फार अभिमान वाटला होता.

आम्ही पत्रक वाटलं, कचेरीत दिलं, भिंतींवर लावलं. आणि खरंच चौकशी झाली. इतक्या लवकर झाली की वडीलसुद्धा चकित झाले. म्हणाले, आयुष्यात माझ्या एकाही पत्रकाला उत्तर आलं नाही, तुझ्या पहिल्याला आलं. उत्तराचा कागद मी उभ्यानंच वाचला. काम हलक्या गुणवत्तेचं असल्याचं मान्य. रहिवाशांच्या पत्रकातही तसंच म्हटलेलं आहे. संबंधित कारागिरानं ते स्वतःच्या सहीनं लिहून दिलेलं आहे. सबब त्या कारागिराला यापुढे कुठल्याही कामावर घेऊ नये, आणि ठेकेदारानं ती जमीन नव्यानं करून द्यावी.

मी माझं पत्रक काढलं आणि शोधलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत शोधलं. माल हा शब्द त्यात कुठंही नव्हता.

पत्रकाचा फोटो इच्छापोरच्या मुकादमांच्या मोबाइलवरून फिरला. आप्पांच्या सहीभोवती कुणीतरी लाल गोल काढला होता. माझं काम हलकं आहे असं स्वतः लिहून देणारा कारागीर, म्हणून त्यांची टिंगल चालली. ठेकेदाराला काहीही करावं लागलं नाही. मी त्याच्यासाठी सगळं लिहून ठेवलं होतं, चांगल्या गुजरातीत.

मी दुसरं पत्रक लिहिलं. मराठीत आणि गुजरातीत, प्रत्येक ओळ वडिलांना वाचून दाखवून. ‘काम नव्हे, माल.’ वरचा आरसा कारागिराचा, खालची भुकटी ठेकेदाराची, असं त्यात सरळ लिहिलं. ते घेऊन आप्पांकडे गेले.

नवागामातली त्यांची एक खोली. तिची जमीन त्यांनी स्वतः घोटलेली होती, आणि त्यांची बायको तिच्यात बघून कुंकू लावते असं ते फुशारकीनं सांगायचे. आमच्या घरात आरसा नाही, म्हणायचे, लागतच नाही. मी दारात चपला काढल्या. आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत प्लॅस्टिकची फुलाफुलांची चटई अंथरलेली होती. खिळ्याला एक नवा आरसा टांगला होता.

आप्पांच्या बायकोनं, मावशींनी, पाणी दिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

आप्पा आता डाइंग मिलमध्ये कापडाचे ओले ताके वाहायला जात होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “तिथली जमीन कशी आहे?”

“बघत नाही,” ते म्हणाले.

मी पत्रक पुढे केलं. त्यांनी चष्मा लावला आणि सगळं वाचलं, बोट ओळीवर ठेवून. ‘काम नव्हे, माल’ या ओळीवर बोट थांबलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. शिवी दिली असती तरी मी घेतली असती.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “असंच पाहिजे होतं.”

“आप्पा, मी हे सगळीकडे वाटते. कचेरीत देते. मुकादमांना एकेकाला नेऊन देते.”

त्यांनी कागदाची घडी घातली आणि मला परत दिली. “सिमेंट ओलं असतं तोवर हात फिरवायचा असतो, माय. एकदा धरलं की मग नुसतं घासत बसायचं. आवाज होतो, बाकी काही होत नाही.”

मी तरीही वाटलं. लोकांनी घेतलं, वाचलं, आणि म्हणाले, अगं पण चौकशी झाली ना? दोषी सापडला ना?

आमचं स्केटपार्क पुन्हा उघडलं. ठेकेदार तोच. या वेळी आरसा नाही, कारण तसा आरसा करणारा हात आता कुठल्याच साइटवर नाही. करड्या रंगाची खरबरीत जमीन आहे, वर निळा रंग मारून झाकलेली. मी पहिल्याच दिवशी चपला काढून आत गेले. दुकानातून आणलेली गोटी ठेवली. ती धावत सुटली आणि बाऊलच्या कोपऱ्यात जाऊन बसली, जिथं जाळी नाही. पेरांनी ठोकलं. फाटकापासून तिसऱ्या पावलावर पोकळ, मधोमध पोकळ, रॅम्पखाली सगळीकडे पोकळ.

दिव्या आता तिथं येत नाही. ती घरी टिकल्या चिकटवते आणि माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. तिच्या बोर्डवर तिची धाकटी बहीण खेळते, आणि वस्तीतल्या नव्या मुली. मी त्यांना सांगते, इथं खेळू नका. त्या विचारतात, का? आप्पा गप्प राहिले होते, मी राहत नाही. मी कारण सांगते. भुकटी, आरसा, साहेबांचे केस, मी लिहिलेला शब्द, सगळं सांगते.

“मग कुठं खेळायचं, ताई?” दिव्याची बहीण विचारते.

नदीपलीकडे, मी म्हणते. दोन बस बदलून.

त्या एकमेकींकडे बघतात. मग बोर्ड खाली टाकतात आणि आत जातात.